खजुराच्या गरावर नराचा ठसा

खजुराची नरफुले एका झाडावर आणि मादीफुले दुसऱ्या झाडावर येतात, आणि केवळ वाऱ्याच्या भरवशावर राहिले तर पुरेशी फळे धरत नाहीत. म्हणूनच मेसोपोटेमियातील (आजच्या इराकच्या परिसरातील) माळी फार प्राचीन काळापासून हाताने परागीभवन करत आले. तिथल्या बॅबिलोनचा प्राचीन राजा हम्मुराबी याच्या कायद्यातही खजुराची बाग परागीभवनासाठी माळ्याकडे सोपवण्याविषयी कलमे आहेत. एका नराचा पराग सुमारे ५० माद्यांना पुरतो, त्यामुळे बागेत नर मोजकेच ठेवले जातात.

मादीच्या फुलोऱ्याचे कठीण आवरण तडकले की आत फिकट पिवळसर, मण्यांसारख्या फुलांनी लगडलेल्या सरी दिसतात. नराच्या दोन-तीन सरी त्यांच्यामध्ये उलट्या खोचून फुलोरा सैलसर बांधायचा, ही जुनी पद्धत आजही प्रचलित आहे. प्रत्येक मादीफुलात तीन अंडपे, म्हणजे ज्यांपासून फळ बनू शकते असे भाग, असतात. फलन झाले की त्यांतील एकच वाढते आणि उरलेली दोन गळतात. फलन झालेच नाही तर बरेचदा तिन्ही वाढू लागतात, पण ती फळे बिनबियांची, बारीक आणि बेचव राहतात. फुले पराग स्वीकारण्याच्या स्थितीत थोडेच दिवस असतात आणि हा काळ जातीनुसार बदलतो. त्यातच हवा थंड असली तर परागनलिका (परागकणातून बीजांडाकडे वाढणारी नळी) नीट वाढत नाही, आणि लगेच पाऊस पडला तर पराग धुऊन जातो व काम पुन्हा करावे लागते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते पुढेच आहे. आपण खातो तो गर अंडाशयाच्या भित्तीपासून, म्हणजे निव्वळ मातेच्या पेशींपासून बनतो. तरीही पराग कोणत्या नराचा होता यावर फळाचा आकार आणि पिकण्याचा काळ काही प्रमाणात ठरतो. बीमध्ये पित्याचा वाटा असतोच, त्यामुळे बी लहानमोठी होणे समजू शकते. पण गरावरही परिणाम व्हावा, याला अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर स्विंगल यांनी १९२८ मध्ये ‘मेटाझेनिया’ हे नाव दिले. बीतील भ्रूण आणि भ्रूणपोष (भ्रूणासाठी साठवलेले अन्न) यांतून संप्रेरके गरात झिरपत असावीत, असे स्पष्टीकरण त्यांनी सुचवले. जिथे फळ पिकण्याच्या सुमारास पाऊस येतो, तिथे फळ थोडे लवकर पिकवणारा नर पीक वाचवू शकतो.

पराग जास्त घातला म्हणजे फळ चांगले येईल, हा मात्र गैरसमज आहे. फार फळे धरली की ती लहान राहतात आणि पुढच्या वर्षी झाड कमी फुलते. म्हणून घडाची विरळणी, म्हणजे काही फळे काढून टाकणे, करावीच लागते.

मादी झाडे फुटव्यांपासून (झाडाच्या बुंध्याशी फुटणाऱ्या रोपांपासून) वाढवली जात असल्याने एका जातीची सर्व झाडे आनुवंशिकदृष्ट्या सारखी असतात. नर मात्र अनेक ठिकाणी बियांपासून उगवलेले, म्हणून प्रत्येक निराळा असतो. मातेची निवड इतक्या काटेकोरपणे करून पिता नशिबावर सोडणे मला पटत नाही. नर पारखणे अवघडही नाही: एकाच मादीच्या वेगवेगळ्या फुलोऱ्यांवर वेगवेगळ्या नरांचा पराग घालावा, प्रत्येक फुलोरा लगेच कागदी पिशवीत झाकून त्यावर खूण करावी, आणि पिकल्यावर फळांचे व बियांचे वजन वेगवेगळे करून पाहावे.