डबीत भरलेला बिघाड

माझ्या पहिल्या पेडलमधून, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या घरगुती डबीतून, सगळ्यात आधी जे ऐकू आलं ते गिटार नव्हतं. कुणीतरी बातम्या वाचत होतं. आवाज बारीक, खरखरीत, पण शब्द न् शब्द कळत होता. टेबलावर बोटभर लांबीची छिद्रांची पट्टी, तिच्यावर आठ पायांची एक चिप, दोन डायोड, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. यात रेडिओ कुठेच नव्हता. मी सोल्डर तपासलं, बॅटरी काढून पुन्हा लावली, गिटारची वायर हलवून पाहिली. बाई आपल्या शांतपणे वाचतायत.

उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. जुन्या रेडिओत लहरीतून बोलणं वेगळं काढायला जर्मेनियमचा एक डायोड असे. लहरीचा एक अर्धा भाग तो जाऊ देतो, दुसरा अडवतो, आणि या छाटणीतून आवाज सुटा होतो. गिटारचं पेडलही छाटायचंच काम करतं, फक्त गिटारच्या लहरीवर. माझी उघडी वायर अँटेना झाली होती आणि तिच्यावर आलेली लहर चिपने इमानदारीत छाटली होती. सर्किट ॲल्युमिनियमच्या डबीत बसवलं, डबी अर्थला जोडली, तशा बाई गप्प झाल्या.

आता ही छाटणी नेमकी काय ते पाहू. गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबकांभोवती हजारो वेढे दिलेली केसासारखी तांब्याची तार. वरची पोलादी तार थरथरली की तिच्यात वीज उपजते, साधारण एक दशांश व्होल्ट. जोरात छेडलं तर क्षणभर बरीच जास्त. पेडलमधली चिप तिला शंभरपट करायला निघते. म्हणजे दहा व्होल्ट वर, दहा व्होल्ट खाली. पण बॅटरी नऊचीच, आणि तिचा मध्य साडेचारवर धरलेला, त्यामुळे वर साडेचार आणि खाली साडेचार एवढीच जागा. त्यातही पुढे डायोड उभे आहेत. सिलिकॉनचा डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास वाहू लागतो आणि त्यावरचं सगळं अर्थमध्ये सोडून देतो. लाटेचा गोल माथा सपाट होतो, डोंगराचं पठार होतं.

कानाला हे पठार कसं लागतं? समजा ११० हर्ट्झचा अगदी शुद्ध स्वर आत सोडला. गिटारच्या पाचव्या मोकळ्या तारेचा मूळ स्वर हाच. लाट वरून आणि खालून सारखीच कापली, तर बाहेर पडताना तिच्यात ३३०, ५५०, ७७० असे विषम पटीतले नवे स्वर आलेले असतात. लाट पूर्ण चौकोनी झाली तर तिप्पट स्वराची उंची मूळ स्वराच्या एक तृतीयांश, पाचपटीची एक पंचमांश. हे आत कुणी घातले नाहीत, ते त्या कोपऱ्यांतून जन्मले. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी उघडतात तेव्हा शोध याच गोष्टीचा असतो: तार किंचित घासावी आणि वरचे स्वर फुलावेत. वाट वेगळी, पण कानाची भूक तीच.

दुसरा परिणाम जास्त कामाचा. तार छेडल्यावर तिची थरथर हळूहळू मरत जाते. पण माथा आधीच ०.६ वर कापलेला असल्याने आतली लहर निम्मी झाली, पाव झाली तरी बाहेर फारसा फरक पडत नाही. स्वर लांबतो. गिटार टिचक्यांचं वाद्य राहत नाही, फुंकून वाजवल्यासारखी बोलू लागते. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, वाजवणाऱ्यांना हवं होतं ते हेच, आणि पेडलं येण्याआधी बरीच वर्षं त्यांनी ते मिळवलंही होतं.

ब्लूजमधली हातानं करण्याची परंपरा विजेच्याही आधीची. मिसिसिपीच्या डेल्टा भागात पोरं झाडूभोवतीची तार सोडवून भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणत, तिच्याखाली बाटली सरकवून ती उचलत आणि दुसरी बाटली वरून घासत सूर काढत. एका तारेचं हे वाद्य म्हणजे डिडली बो. पुढे हीच माणसं कामाच्या शोधात उत्तरेला गेली. ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोत पोचले आणि तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच जात नाही म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली. शिकागोतल्याच मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात वादक शेजारच्या घरांमधून वायर ओढून वीज घ्यायचे आणि छोटे ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी यंत्रं, शेवटपर्यंत पिळून वाजवायचे. शेजारी दुसरा वादक, पलीकडे आरडाओरड करणारा विक्रेता. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, छोटा ॲम्प असा पिळला की तोही लाट छाटू लागतो. म्हणजे तो फाटका आवाज मुळात कुणाची कलादृष्टी वगैरे नव्हती. लोकांना ऐकू जायचं होतं.

लिटल वॉल्टरनं हार्मोनिकावर तेच केलं. स्वस्तातला माइक आणि हार्मोनिका एकाच ओंजळीत घट्ट धरायची आणि सगळं गिटारच्या ॲम्पमध्ये सोडायचं. ओंजळ बंद केली की माइकवर दाब वाढतो, ॲम्प कोंडतो, आणि एवढंसं वाद्य सॅक्सोफोनच्या तोडीचं होतं. १९५२ साली त्याचं ‘ज्यूक’ अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्यात गाणं नाहीच, नुसतं वादन आहे.

वेगळी डबीही तोवर आली होती, पण ती छाटणीची नव्हे, थरथरीची. डीआर्मंड या कंपनीच्या ट्रेमोलोच्या (आवाज थरथरवणाऱ्या) डबीत एक मोटर वीजवाहक द्रवाची छोटी कुपी हलवत राहायची. द्रव आतल्या टाचणीला लागला की सिग्नल अर्थमध्ये वाहून जाई, हटला की आवाज परत. बो डिडली या गायक-गिटारवादकाच्या गिटारची ती धडधड अशी डबकं हलवून आलेली आहे. आणि द्रव उडून जायचा, पुन्हा भरावा लागायचा. आजचा कुठलाही इंजिनीअर हे पाहून डोक्याला हात लावेल. मला मात्र ती सगळ्या पेडलांमध्ये सर्वात लाडकी आहे.

छाटणीच्या गोष्टीत लोक हटकून १९५१ च्या मेम्फिसवर येतात. आइक टर्नरचा वाद्यवृंद मिसिसिपीहून सॅम फिलिप्सच्या स्टुडिओकडे निघाला होता आणि वाटेत विली किझार्टच्या ॲम्पला दुखापत झाली. कुणी म्हणतं गाडीवरून पडला, कुणी म्हणतं पावसात भिजला. स्पीकरचा कागदी पडदा फाटलेला होता, त्यात कागद कोंबून काम भागवलं आणि त्याच गुरगुरीसकट ‘रॉकेट ८८’ मुद्रित झालं. ते जॅकी ब्रेन्स्टनच्या नावानं निघालं आणि यादीत पहिलं आलं. इथे लाट कुठल्या डायोडने छाटली नव्हती; पडदा जेवढा हलायला हवा तेवढा हलू शकत नव्हता, आणि कोंबलेला कागद त्याच्यावर फडफडत होता.

गंमत म्हणजे बिघाड डबीत भरला तो ब्लूजवाल्यांनी नव्हे. नॅशव्हिलमध्ये गायक मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या मुद्रणात ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज अचानक फाटला. स्टुडिओतल्या आवाज मिसळणाऱ्या मिक्सरमधला ट्रान्सफॉर्मर जायला आला होता. ते तसंच ठेवलं, गाणं १९६१ मध्ये गाजलं, आणि बाकीचे वादक तो आवाज मागू लागले. ट्रान्सफॉर्मर मात्र एकदा पूर्ण गेला की गेला. तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो आवाज ट्रान्झिस्टरवर उभा केला आणि १९६२ मध्ये गिब्सनने तो माएस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आणला. आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि दीड-दीड व्होल्टचे दोन सेल. जाहिरात अशी की गिटारमधून ट्रम्पेट, ट्युबा, चेलो काढा. त्यासाठी फारसं कुणी घेतलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने एका गाण्यात वापरलं, मग मात्र उड्या पडल्या.

घरी पेडल बनवलं की एक गोष्ट पहिल्याच तासात कळते. त्यातून सा आणि प एकत्र वाजवले तर भरदार लागतं, मध्ये ग घातला की चिखल. छाटणीचं यंत्र दोन स्वर वेगवेगळे ठेवत नाही, त्यांची बेरीज-वजाबाकीही करतं. ११० आणि १६५ आत गेले तर वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला सा; बेरीज २७५, हाही ५५ च्याच पटीत. सगळे एका घरचे. गिटारवरचा ग पडतो १३८.६ वर. त्याचं सा शी अंतर २८.६ आणि प शी २६.४. जवळजवळ सारखे, पण सारखे नाहीत, आणि अशा डझनभर न जुळणाऱ्या जोड्या एकमेकींवर घासत राहतात. रॉकवाल्यांनी मधला ग गाळला तो काही आळसाने नव्हे.

म्हणूनच चांगलं पेडल छाटण्याआधी काय आत सोडायचं हे ठरवतं. ट्यूब स्क्रीमर हे जपानी पेडल टेक्सासच्या स्टीव्ही रे वॉनमुळे ब्लूजवाल्यांच्या घरोघरी गेलं. त्यात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागे एक आहेत. या जोडीमुळे ७२० हर्ट्झच्या खाली वर्धन उतरत जातं. जाड तारांची लहर कमी छाटली जाते, स्वर मोकळा राहतो. दिसायला क्षुल्लक अशा दोन तुकड्यांवर एवढं अवलंबून असतं. मी चुकून दहापट मोठा कपॅसिटर लावला होता तेव्हा गिटार घोंगडीखालून वाजत होती.

जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर वेगळंच प्रकरण. त्यांच्यातून थोडा प्रवाह कारण नसताना गळतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की गळती साधारण दुप्पट होते. १९६६ च्या फझ फेस या पेडलमध्ये असे दोन असत. सकाळी जुळवून ठेवलेलं पेडल स्टेजवरच्या दिव्यांखाली दुसऱ्याच आवाजात बोलतं. सिलिकॉन असं करत नाही, आणि काहींना त्याचाच राग आहे.

दुसऱ्या पेडलच्या वेळी मी दोन्ही डायोड एकाच दिशेला लावले. डायोडच्या एका टोकाला काळी पट्टी असते. एकाची पट्टी वर आणि दुसऱ्याची खाली हवी होती. परिणामी लाटेचा वरचा माथाच कापला जात होता, खालचा तसाच मोकळा. वर-खाली असमान कापलं की विषमाबरोबर सम पटीतले स्वरही येतात: ११० वर २२०, ४४०. आवाज ओबडधोबड पण जाड, आणि जोरात छेडलं की जोरात येणारा. मी चूक सुधारली. तासाभराने पुन्हा सोल्डर तापवलं आणि एका डायोडच्या वाटेत छोटं बटण घातलं. आता बटण वर असलं की पट्ट्या उलटसुलट, खाली केलं की दोन्ही एकाच दिशेला.