तयार दंत-इनले

किडलेल्या किंवा फुटलेल्या दाढेतील पोकळी बुजवण्यासाठी कारखान्यात ठरावीक आकारांत बनवून ठेवलेला सिरॅमिकचा तुकडा. तो पोकळीत बसवून कंपोझिट रेझिनने (प्रकाशाने कडक होणाऱ्या, दाताच्या रंगाच्या द्रव्याने) चिकटवतात. नेहमीचा इनले दाढेचे माप घेऊन लॅबमध्ये घडवला जातो. इथे क्रम उलटा असतो : तुकडा आधीच ठरलेला, पोकळी त्याच्या मापाने कोरायची. या पद्धतीचे बहुतेक गुणदोष या एका गोष्टीतून निघतात.

उगम व मतभेद : कृमिदंताच्या (किडलेल्या दाताच्या) पोकळीत गूळ किंवा मेण भरून डागणी द्यावी, असा उपचार आयुर्वेदाचार्य वाग्भटाच्या परंपरेत येतो. काही लेखक त्याला आजच्या दंतभरणाचा पूर्वज मानतात. पण त्याचा हेतू वेदनाशमनाचा आहे, दाढ पुन्हा उभी करण्याचा नाही. मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या दातांत जेड व पायराइटचे तुकडे बसवलेले सापडतात. तेही बहुधा निरोगी पुढच्या दातांत, शोभेसाठी. या दोन्हींचा इनलेच्या इतिहासाशी थेट संबंध जोडता येत नाही.

माप घेऊन घडवलेल्या इनलेचा इतिहास त्या मानाने स्पष्ट आहे. डेट्रॉइटचे चार्ल्स लँड यांनी 1880 च्या दशकात प्लॅटिनमचा पातळ पत्रा पोकळीत दाबून साचा काढला आणि त्यावर पोर्सेलिन भाजले. सोन्याच्या ओतीव इनलेचे श्रेय बराच काळ शिकागोच्या विल्यम टॅगार्ट यांना दिले जाई. त्यांनी 1907 मध्ये न्यूयॉर्कला मेणाच्या साच्यातून ओतकाम करण्याची रीत मांडली. मात्र आयोवातील फिलब्रुक यांनी 1897 मध्येच तशा ओतकामावर निबंध वाचला होता. हा निबंध पुढे आल्यावर टॅगार्ट यांचे पेटंट न्यायालयात टिकले नाही. म्हणून अग्रक्रम फिलब्रुक यांना आणि प्रसाराचे श्रेय टॅगार्ट यांना देणे न्याय्य ठरेल.

तयार इनलेचा आरंभ कोठून धरावा, यावर दोन मते आहेत. एका मतानुसार 1980 च्या दशकाच्या अखेरीस आलेले बीटा-क्वार्ट्झ काच-सिरॅमिकचे तुकडे हाच खरा आरंभ. हे तुकडे अमेरिकी दंतसंशोधक रे बोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. कंपोझिटचा पाया असलेले बिस-जीएमए रेझिनही बोवेन यांचेच. दुसरे मत आणखी मागे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्सेलिनच्या तयार कांड्या व चकत्या वापरात होत्या, आणि त्याच व्यासाच्या पोकळ छिद्रकाने दातात गोल भोक पाडून त्या सिमेंटने बसवत. तुकडा आणि त्याच्या मापाचे हत्यार ही जोडी तिथे प्रथम दिसते, त्यामुळे दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे. 1990 च्या दशकातील सोनिकसिस या पद्धतीनेही तेच तत्त्व घेतले. तिच्या कंप पावणाऱ्या टोकाची एकच बाजू हिऱ्याच्या कणांनी मढवलेली असते. दुसरी गुळगुळीत असल्याने शेजारच्या दाढेला ओरखडा पडत नाही. झुरिकमध्ये म्योरमान व ब्रांडेस्टिनी यांनी विकसित केलेल्या आणि 1985 पासून रुग्णांवर वापरल्या गेलेल्या सेरेक या संगणकाने इनले कोरणाऱ्या यंत्रात सिरॅमिकचा ठोकळा तयार असतो, पण इनले त्या दाढेपुरता कोरला जातो. त्याला तयार इनले म्हणता येणार नाही.

कार्यतत्त्व : कंपोझिट प्रकाशाने कडक होताना साधारण 2 ते 3 टक्के आकसते. मोठ्या पोकळीत हा ताण कडेवर येतो, बारीक फट पडते आणि तिथून कीड पुन्हा शिरते. पोकळीचा बराच भाग घट्ट तुकड्याने व्यापला, तर आकसणारे द्रव्यच कमी उरते. बीटा-क्वार्ट्झचे उष्णतेने होणारे प्रसरण जवळजवळ नगण्य आहे, कंपोझिटचे दाताच्या कित्येक पट. गरम चहामागून थंड पाणी पिणाऱ्याच्या दाढेत हा फरक महत्त्वाचा ठरतो. उणीव तुकड्याच्या कडेला असते. कीड ठरावीक आकारात पसरत नाही, त्यामुळे तुकड्याभोवती रेझिनचा थर कुठे पातळ, कुठे जाड राहतो आणि जाड जागी तो आधी झिजतो. आकार जुळावा म्हणून निरोगी दात कोरणे मात्र समर्थनीय नाही.

कृती : कीड काढल्यावर दाढ रबर डॅमने (दाढेभोवती ताणलेल्या रबरी पडद्याने) कोरडी ठेवतात व पोकळीच्या भिंती वर किंचित फाकतील अशा कोरतात. तुकडा चिमट्याने बसवून पाहतात. कारखान्यातच सिलेनचा (सिरॅमिक व रेझिन जोडणाऱ्या रसायनाचा) थर दिलेल्या तुकड्याला बोट लावत नाहीत, कारण त्याने पकड कमी होते. एनॅमलवर (दाताच्या कठीण बाह्य आवरणावर) सुमारे 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल लावून धुतात, बॉन्डिंग द्रव लावतात, मऊ कंपोझिट भरतात आणि त्यात तुकडा दाबतात. बाजूने उसळलेले कंपोझिट काढून मगच प्रकाश देतात. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन दाढ उंच लागते का, ते पाहून घासतात.

मराठवाड्यातील स्थिती : छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आणि लातूर, नांदेड यांसारख्या शहरांतील खाजगी दंत महाविद्यालये सोडली, तर उपचाराचा भार तालुक्याच्या दवाखान्यांवर आहे. तिथे ‘चांदी भरणे’, ‘सिमेंट भरणे’, नाहीतर दाढ काढणे एवढेच पर्याय रुग्णाला परिचित असतात. लॅबच्या इनलेसाठी दोन खेपा लागतात. किनवटहून नांदेडला किंवा अहमदपूरहून लातूरला एसटीने येणारा रुग्ण तात्पुरत्या सिमेंटवर दाढदुखी थांबली की पुन्हा फिरकत नाही, आणि ऊसतोडीला निघालेला तर हंगाम संपेपर्यंत येऊच शकत नाही. एका बैठकीत संपणाऱ्या उपचाराचे मोल इथे म्हणूनच मोठे आहे. तरी तयार इनलेला कॉम्प्रेसर, प्रकाशदिवा आणि पूर्ण कोरडी दाढ लागते. गावातील शिबिरात हाताच्या हत्याराने कीड काढून ग्लास आयोनोमर सिमेंट (दाताला स्वतःहून चिकटणारे सिमेंट) भरणे अधिक योग्य. मशेरी घासून दाताच्या मानेशी झालेल्या उथळ झिजेलाही तेच बरे.

नांदेड व बीड जिल्ह्यांच्या काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे; दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालते. लहानपणापासून असे पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरट किंवा तपकिरी डाग पडतात आणि एनॅमलचा बाहेरचा थर आम्लाला नेहमीसारखा दाद देत नाही. अशा दाढेवर आम्ल जास्त वेळ ठेवावे लागते किंवा वरचा थर आधी हलका घासून घ्यावा लागतो. धुऊन वाळवल्यावर पोकळीची कड खडूसारखी पांढरी दिसली, तरच पुढे जावे. फ्लुरोसिस (फ्लोराइडमुळे दातांवर होणारा हा दोष) तीव्र असून एनॅमलचे टवके उडत असतील, तर इनलेऐवजी पूर्ण कॅप निवडावी.