गर्भारपण, स्तनपान आणि हाडांची औषधे

मूल होण्याची तयारी चालू असताना, गर्भारपणात किंवा अंगावर पाजताना हाडे बळकट करणारी औषधे घ्यावीत का, हा इथला प्रश्न. त्याचे उत्तर औषधागणिक बदलते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व या काळात हवेच. अ‍ॅलेंड्रोनेट, रायसेड्रोनेट, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ही बिस्फॉस्फोनेट गटातली औषधे मात्र हाडांची झीज रोखण्यासाठी असतात आणि गर्भारपणात सहसा देत नाहीत. तरुण बाईला ती बहुधा संधिवात किंवा ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा विकार) यासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घ्यावे लागल्यास, नाहीतर जन्मजात ठिसूळ हाडांच्या विकारात मिळतात.

अ‍ॅलेंड्रोनेटच्या गोळीचा १ टक्क्याहून कमी भाग रक्तात उतरतो, पण हाडात बसलेला अंश वर्षानुवर्षे हलत नाही. तिथला त्याचा अर्धायुकाळ, म्हणजे साठा निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे १० वर्षे धरतात. म्हणजे दिवस गेल्यावर गोळी थांबवली तरी औषध शरीरात असतेच. डॉक्टरांशी बोलायचे ते पाळी चुकण्याआधी, लग्न ठरतानाच बोलले तर अधिक चांगले. प्राण्यांवरील प्रयोगांत ही औषधे वार (गर्भाला पोसणारा गर्भाशयातला अवयव) ओलांडून गर्भाच्या हाडांत गेलेली दिसली. माणसांतल्या नोंदी थोड्या आहेत, पण त्यांत ठरावीक व्यंग आढळलेले नाही. गोळी चालू असताना दिवस गेले, एवढ्याच भीतीने गर्भ पाडू नये. लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगावे. अंगावर पाजतानाही ही औषधे सहसा टाळतात.

डेनोसुमॅब हे हाडांची झीज रोखणारे वेगळे औषध; त्याचे इंजेक्शन ६ महिन्यांतून एकदा घेतात. ते गर्भारपणात निषिद्ध आहे आणि शेवटच्या इंजेक्शननंतर किमान ५ महिने गर्भनिरोधन पाळावे लागते. ते परस्पर बंद करणेही धोक्याचे, कारण त्यानंतर मणके मोडू शकतात.

कॅल्शियमच्या बाबतीत सोलापूरकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. इथली भाकरी ज्वारीची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिची चव वादातीत, पण १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम ३० मिलिग्रॅम. तेवढ्याच नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असते. शेंगाचटणीने ही तूट भरत नाही. तीळ, दूध, ताक यांनी बरीच भरते. शिवाय सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी बायका दिवसभर घरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, त्यामुळे एवढ्या उन्हाच्या गावात त्यांच्या अंगाला ऊन लागत नाही आणि उन्हातून मिळणारे ड जीवनसत्त्व कमी पडते.

सरकारी कार्यक्रमानुसार गर्भारपणाच्या १४ आठवड्यांपासून बाळंतपणानंतर ६ महिन्यांपर्यंत रोज कॅल्शियमच्या दोन गोळ्या द्यायच्या असतात. प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ही गोळी जेवणासोबत घ्यावी आणि लोहाच्या गोळीपासून किमान २ तास लांब ठेवावी. बाळाच्या सांगाड्यात जन्मापर्यंत सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम साठते, त्यातले बहुतेक शेवटच्या तिमाहीत. अंगावर पाजताना आईच्या हाडांची घनता ३ ते ५ टक्के उतरते. दूध तोडल्यावर ती बहुधा भरून येते.

क्वचित बाळंतपणानंतरच्या महिन्यांत मणकाच दबतो. पाठीत एकाएकी असह्य कळ येते, उंची कमी होते. विड्या वळणाऱ्या बाईची पाठ दुखायचीच, असे म्हणून घरचे ते सोडून देतात. अशा वेळी सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाऊन मणके तपासून घ्यावेत आणि अंगावर पाजत असल्याचे आधी सांगावे.