कबऱ्या पानांची सदापर्णी झुडपे

वर्षभर पानांनी भरलेली, पण पानांवर हिरव्याबरोबर पांढरा, पिवळा किंवा मलईसारखा रंग बाळगणारी शोभेची झुडपे. हा दुसरा रंग कधी पानाच्या कडेने असतो, कधी मधोमध, तर कधी शिंतोडे उडाल्यासारखा कुठेही. रोपवाटिकांत त्यांना सरसकट ‘व्हेरिगेटेड’ म्हणतात. ‘सदाहरित’ हा रुळलेला शब्द इथे थोडा अडचणीचा, कारण यांतल्या कित्येकांचे निम्मे पान हिरवे नसतेच. ‘सदापर्णी’ म्हणणे बरे. तेही पाने कधीच गळत नाहीत या अर्थाने नव्हे. जुनी पाने थोडीथोडी गळत राहतात, झुडूप एकदम ओकेबोके होत नाही इतकेच.

थंड हवामानात ऑक्युबा, हॉली, युओनिमस, एलिॲग्नस आणि पिटोस्पोरम यांचे कबरे प्रकार लावले जातात. उष्ण हवामानात क्रोटन, बुटका शेफ्लेरा आणि ड्युरांटा ही नेहमीची झुडपे. तगर, कण्हेर आणि जास्वंदीतही कबरे प्रकार आहेत.

पान कबरे होण्यामागची कारणे एकसारखी नाहीत. बागेतल्या बहुतेक झुडपांत ते हरितद्रव्य तयार करू शकणाऱ्या आणि न शकणाऱ्या पेशींच्या सहवासातून होते. वाढत्या शेंड्याच्या टोकाशी पेशींचे साधारण तीन थर असतात. सर्वांत बाहेरच्या थरातून पानाची त्वचा घडते, दुसऱ्यातून मुख्यतः कडेचा गर आणि तिसऱ्यातून मधला. दुसऱ्या थरातल्या पेशींना हरितद्रव्य जमले नाही की कड पांढरी होते. तिसऱ्या थराचे तसे झाले की कड हिरवी राहून मधला भाग पांढरा किंवा पिवळा दिसतो. अशा मिश्र घडणीला ‘कायमेरा’ म्हणतात. हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स विंकलर यांनी 1907 मध्ये वनस्पतिशास्त्रात आणला. एर्विन बाउर यांनी 1909 मध्ये पेलार्गोनियमच्या पांढऱ्या कडांवरून हे थरांचे गणित मांडले. त्याच वर्षी कार्ल कॉरेन्स यांनी कबऱ्या गुलबक्षीच्या बिया पेरून दाखवले, की रोपाचा रंग बी ज्या फांदीवर धरले तिच्यावरून ठरतो, पराग कुठल्या फांदीचा होता यावरून नाही.

पांढऱ्या कडेचे एखादे पान उजेडासमोर धरून पाहावे. हिरवा आणि पांढरा यांच्यामध्ये बहुधा राखाडी-हिरवा पट्टा दिसतो. तिथे एका थरावर दुसरा चढलेला असतो आणि खालचा हिरवा रंग वरच्या पांढऱ्यातून झिरपल्यासारखा जाणवतो.

क्रोटनचे प्रकरण वेगळे. तिथे पान वयाने वाढते तसे रंग बदलते: कोवळेपणी हिरवे-पिवळे, पुढे नारिंगी-लाल. ॲब्युटिलॉनच्या काही प्रकारांत पिवळे ठिपके चक्क विषाणूमुळे येतात आणि कलमातून पुढच्या झाडात उतरतात. आणि लोह कमी पडल्यावर कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी पडते, तो कबरेपणा नव्हेच. त्याचे कौतुक करण्याऐवजी माती तपासावी.

उजेडाचा अंदाज जमला की निम्मे काम झाले. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्याने तो अन्नही करत नाही आणि त्याला कडक उन्हापासून फारसे संरक्षणही नसते. म्हणून दुपारच्या झळांत पांढरी कड आधी करपते, तपकिरी होऊन कागदासारखी कुरकुरीत होते. पाण्याचा ताण किंवा मातीत साठलेले क्षारही असाच परिणाम करतात. पिवळे प्रकार सहसा पांढऱ्यांपेक्षा ऊन जास्त सोसतात. सकाळचे ऊन आणि नंतर विरळ सावली बहुतेकांना मानवते. क्रोटनला मात्र भरपूर उजेड हवा, सावलीत त्याचे रंग उतरतात; उलट ऑक्युबा बऱ्यापैकी सावलीतही ठिपके टिकवून धरतो. पाण्याचा निचरा, बुंध्याभोवती आच्छादन, बेताचे खत हे इतर झुडपांसारखेच. कबरे झुडूप त्याच जातीच्या हिरव्या झुडपापेक्षा सावकाश वाढणार, हे धरून चालावे. नत्राचा मारा करून ते धावत नाही, लुसलुशीत होऊन पिठ्या ढेकणांना बोलावते.

मांडणीत हात आखडता घ्यावा. गडद हिरव्या पार्श्वभूमीवर एक कबरे झुडूप उठून दिसते. चार प्रकार शेजारी लावले की एकही दिसत नाही.

अभिवृद्धी छाट कलमाने (फांदीचा तुकडा रुजवून), गुटीने (झाडावरच फांदीला मुळे आणून) किंवा दाब कलमाने (फांदी मातीत दाबून) करतात. कायमेरा प्रकारांत फांदीवरचा तयार डोळा (नव्या फुटीचा कोंब) जसाच्या तसा पुढे गेला, तरच थरांची रचना टिकते. मुळांच्या तुकड्यांतून नव्याने फुटणारी रोपे बहुधा एकाच थरातून येतात आणि एकरंगी निघतात. बियांवरही भरवसा नाही. कलमाने मात्र झाडाचे लिंगही तेच राहते. ऑक्युबात नर-मादी झाडे वेगळी असतात. 1783 मध्ये ब्रिटनमध्ये आले ते ठिपक्यांचे मादी झाड, आणि त्याच्याच छाटांवर तिथल्या बागा भरल्या. जपानहून नर झाड स्कॉटिश वनस्पती-संग्राहक रॉबर्ट फॉर्च्यून यांनी 1861 मध्ये आणले. तोवर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ त्या झुडपांना लाल फळे धरलीच नव्हती. हॉलीच्या नावांवर जाऊन फळांची आशा करणाऱ्यांचीही अशीच फजिती होते: ‘गोल्डन किंग’ मादी आहे आणि ‘सिल्व्हर क्वीन’ नर.

सर्वांत चिकाटीचे काम म्हणजे उलटलेल्या फांद्या शोधणे. डोळा फुटताना हिरव्या थराने पांढऱ्याची जागा घेतली की ती फांदी पूर्ण हिरवी निघते. तिची सगळी पाने अन्न बनवत असल्याने ती जोमाने वाढते आणि काही वर्षांत झुडूप व्यापते. ती पुष्कळदा आतल्या बाजूने निघते, त्यामुळे बाहेरून पटकन दिसत नाही. वाढीच्या हंगामात पाने बाजूला सारून पाहावे. अर्धवट छाटू नये. जिथून फुटली त्या जागेपर्यंत जाऊन तिथूनच सिकेटरने काढावी, नाहीतर उरलेल्या खुंटावरचे डोळे पुन्हा हिरवेच फुटतात. झुडूप कलमी असेल तर खालच्या खुंटाचे (ज्यावर कलम बांधले त्या झाडाचे) धुमारेही हिरवेच येतात, तेही तळाशीच काढावेत.

कधी उलटेही होते. शुभ्र पानांची एखादी फांदी निघते. दिसायला ती देखणी, तोडणे जिवावर येते. पण ती जगते झुडपाच्या हिरव्या भागाच्या जिवावर, आणि वेगळी लावली तर छाटातला अन्नसाठा संपताच सुकते.