७८ दिवस, १०८ दिवस आणि पारोळ्याचा वारा

आमच्या जळगावच्या रविवारच्या सायकल ग्रुपवर मध्यंतरी एक मेसेज फिरत आला. सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा : पुरुषांचा विक्रम ७८ दिवस, महिलांचा १०८ दिवस. खाली एकाची टिप्पणी : "तीस दिवसांचा फरक, भो! विषय संपला." मी तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं आणि कोणीही वाचलं नाही. म्हणून आता इथे.

आकडे खरे आहेत. स्कॉटलंडचा मार्क ब्यूमाँट २ जुलै २०१७ ला पॅरिसहून निघाला आणि ७८ दिवस, १४ तास, ४० मिनिटांनी पॅरिसला परतला. अमेरिकेची लेल विलकॉक्स २०२४ मध्ये शिकागोहून निघाली आणि १०८ दिवस, १२ तास, १२ मिनिटांत २९,१६९ किमी चालवून शिकागोला आली. पण हा फरक म्हणजे पुरुषाचे पाय आणि बाईचे पाय असा आहे का? तर नाही. निदान त्या दोन आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही.

आधी नियम. पृथ्वीभोवती सलग सायकल चालवणं शक्य नाही, मध्ये समुद्र आहेत. त्यामुळे गिनीजने ठरवून दिलंय : किमान १८,००० मैल, म्हणजे सुमारे २८,९७० किमी सायकलवर, आणि विमान-जहाज धरून एकूण प्रवास विषुववृत्ताच्या लांबीपेक्षा जास्त. दिशा एकच, पूर्व किंवा पश्चिम. सुरुवात आणि शेवट एकाच ठिकाणी. आणि वाटेत पृथ्वीच्या गोळ्यावर एकमेकांच्या बरोबर समोर येणाऱ्या दोन जागा लागल्या पाहिजेत. (जळगावच्या समोरची जागा पॅसिफिक महासागरात पडते, ईस्टर बेटाच्या ईशान्येला. तिथे सायकल नेऊन उपयोग नाही. स्पेनच्या समोर मात्र न्यूझीलंड येतं, म्हणून बरेच जण माद्रिद गाठतात.)

या नियमांतही बदल झाले. २०१२ मध्ये ब्रिटनचा माइक हॉल ९१ दिवस १८ तासांत आला असं सांगतात. पण त्या हिशेबात विमानप्रवासाचा वेळ धरलेला नाही, घड्याळ तेव्हा थांबवत असत. कॅलेंडरवर मोजले तर १०७ दिवस. आता घड्याळ थांबत नाही. त्यामुळे ९१ आणि ७८ हे आकडे एका ओळीत लिहिणं म्हणजे निव्वळ वजन आणि गोणीसकट वजन एकाच पावतीवर मांडणं.

नियमांचं एवढं पुरे. मला बोलायचंय ते वाऱ्याबद्दल.

ग्रुपमधला एक सर्वमान्य समज असा : जाताना वारा समोरून असला तर येताना पाठीवर असतो, हिशेब फिट्टंफाट. जून-जुलैत तापीच्या खोऱ्यातून पश्चिमेचा वारा घोंघावत येतो. त्याच वाऱ्यावर साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. अशा वाऱ्यात जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जाऊन बघा आणि परत या. हिशेब फिटत नाही. तो कधीच फिटत नाही, आणि हे गणिताने दाखवता येतं.

सपाट रस्त्यावर, वारा नसताना ताशी ३० किमीने जाणाऱ्या साध्या सायकलस्वाराला सुमारे दीडशे वॉट शक्ती लागते. त्यातला जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग हवा बाजूला सारण्यात जातो, उरलेला टायर आणि रस्ता खातात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. शिवाय त्या चौपट विरोधातून तुम्ही दुप्पट वेगाने जाताय, म्हणून फक्त हवेसाठी लागणारी शक्ती आठपट.

आता ताशी १५ किमीचा वारा धरा आणि पायात तेवढीच शक्ती ठेवा. मी ८५ किलो (माणूस अधिक सायकल) धरून हिशेब केला. वारा समोरून असेल तर वेग पडतो ताशी २१.७ किमीवर. पाठीवर असेल तर चढतो ३९.७ वर. वर-खाली जवळपास सारखंच दिसतं ना? आठ कमी, दहा जास्त, उलट फायदाच! पण धुळ्यापर्यंत ९० किमी धरू. जायला ४ तास ९ मिनिटं, यायला २ तास १६ मिनिटं. एकूण ६ तास २५ मिनिटं. वारा नसता तर बरोबर ६ तास. पंचवीस मिनिटं गेली. कारण साधं आहे : वाईट वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता आणि चांगला वारा लवकर संपून जातो.

याच्या पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. वारा बरोबर बाजूने आला तर? ना मदत, ना अडथळा, असं कोणीही म्हणेल. चूक. तुमच्या अंगावर जो वारा लागतो तो तुमचा वेग आणि वाऱ्याचा वेग यांच्या कर्णाएवढा असतो. दहावीचा पायथागोरस आठवा : ३० चा वर्ग अधिक १५ चा वर्ग, त्याचं मूळ साधारण ३३.५. विरोध या ३३.५ च्या वर्गाने वाढतो, आणि त्यातला पुढून लागणारा हिस्सा ३० भागिले ३३.५ एवढा. गुणाकार करा, ३० गुणिले ३३.५, म्हणजे सुमारे १००५. वारा नसता तर ३० गुणिले ३०, म्हणजे ९००. आडव्या वाऱ्यातही विरोध बारा टक्के जास्त! वारा थोडा मागून आला तरच जमाखर्च शून्यावर येतो. तो कोन मी काढला. ३० किमीचा वेग टिकवायचा आणि वारा १५ चा असेल, तर ३६० अंशांपैकी १९४ अंशांतून येणारा वारा तुमच्या विरोधात असतो आणि फक्त १६६ अंशांतला तुमच्या बाजूने. इथे समोरून आणि बाजूने अंगाचं हवेत येणारं क्षेत्रफळ सारखं धरलंय. पॅनियर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंच्या सामानाच्या पिशव्या, लटकवलेली सायकल असेल तर बाजूचं क्षेत्र वाढतं आणि गणित आणखी बिघडतं. "वारा नेहमी समोरूनच असतो" हे सायकलवाल्यांचं रडगाणं निम्म्याहून जास्त खरं आहे.

आता पृथ्वीप्रदक्षिणेकडे या. ती जाऊन-येऊन नाही, एकाच दिशेची आहे. दोन्ही गोलार्धांत साधारण ४० ते ६० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. तुम्ही त्या पट्ट्यात राहून पूर्वेला चाललात, तर धुळ्याहून जळगावला परत येण्याचा प्रवास ७८ दिवस करताय असं समजा. रोज तसाच वारा मिळत नाही हे खरं, पण सरासरी तुमच्या बाजूला झुकते. ब्यूमाँट पॅरिसहून पोलंड, रशिया, मंगोलिया, चीन असा गेला, मग ऑस्ट्रेलिया पर्थकडून पूर्वेला, मग न्यूझीलंड, मग अलास्कातून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत. तेच कोणी पश्चिमेला निघाला तर नियमात बसेल, पण त्याचा आकडा वेगळ्याच खेळाचा असेल.

आणि कोणी आपल्या अक्षांशावरून, म्हणजे २१ अंशांवरून पूर्वेला निघाला, तर वर्षातला मोठा काळ ईशान्येचे व्यापारी वारे त्याच्या तोंडावर येणार. पावसाळ्यात मात्र तेच उलटतात.

पूर्वेवरून आठवलं. आमच्याकडे अजून सोमवारी-शनिवारी पूर्वेला दिशाशूल मानून गावाला निघणं टाळतात. ब्यूमाँटच्या त्या प्रवासात १२ सोमवार आणि ११ शनिवार आले. विक्रम पुरा झाला, १८ सप्टेंबर २०१७, तोही सोमवारच. रशियात पडून त्याचा दात तुटला आणि कोपराला इजा झाली, तो दिवस मात्र पंचांगात बघू नका. रस्त्यावर बघा.

वारा, दिशा यानंतर माणसं. ब्यूमाँटबरोबर पूर्ण ताफा होता : गाडी, मेकॅनिक, फिजिओ, जेवण करणारे. तो पहाटे चारला सायकलवर बसायचा, दिवसाला सोळा तास, सुमारे ३८६ किमी. खाणं रोज ९,००० कॅलरींच्या आसपास. आपल्या रावेर-यावलच्या केळ्यांत मोजलं तर जवळजवळ नव्वद केळी, म्हणजे घडच्या घड. हे सगळं कोणीतरी हातात आणून देत होतं. २०१८ मध्ये स्कॉटलंडचीच जेनी ग्रॅहॅम बर्लिनहून निघाली, १२४ दिवसांत परतली. तिच्याबरोबर कोणी नव्हतं. सामान सायकलवर, झोप रस्त्याच्या कडेला, पंक्चर स्वतः काढायचं, पाणी स्वतः शोधायचं. सामानाचं वजन चढावर छळतं हे सगळ्यांना कळतं. पण सपाटीवर त्या पिशव्यांची रुंदी जास्त छळते, का ते वर सांगितलंच. गिनीजच्या यादीत पुरुष आणि महिला असे रकाने आहेत, ताफ्यासह आणि ताफ्याविना असे नाहीत. माझ्या मते पहिल्यापेक्षा दुसरे रकाने जास्त गरजेचे आहेत.

असे रकाने वेगळे करता येतात, हे सायकलिंगमध्येच एकदा दिसलंय. एका तासात किती अंतर, या विक्रमात ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने १९९६ मध्ये हात पुढे ताणलेल्या अवस्थेत ५६.३७५ किमी काढले. २००० मध्ये जागतिक सायकल संघटनेने नियम बदलला : सायकल आणि बसण्याची पद्धत बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ च्या विक्रमात वापरली तशीच हवी. तोच बोर्डमन पुन्हा उतरला आणि ४९.४४१ किमी झाले. मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर जास्त. माणूस तोच, तास तोच, फरक सात किलोमीटरचा. त्यात वय काही खात असेल, पण बहुतेक सगळं हवेने खाल्लं.

उन्हाचंही थोडं सांगतो, खान्देशी माणसाला त्याशिवाय चैन पडत नाही. आपल्या मेच्या ४५ अंशांतली हवा शून्य अंशातल्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. म्हणजे कागदावर भुसावळच्या उन्हात सायकल जास्त पळायला हवी! पण पायातून १५० वॉट काढताना शरीर त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता तयार करतं. ती घालवायला तासाला लिटरभर घाम लागतो, आणि बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असली तर त्याहून जास्त. त्यामुळे विरळ हवेचा फायदा घ्यायला पाय शिल्लक राहत नाहीत.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सूत्रात बसत नाही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये पर्थहून निघाली, बराचसा प्रवास एकटीने. १५९ दिवसांनी ती कोलकात्यात पोचली तेव्हा वीस वर्षांची होती आणि २९,००० किमी झाले होते. ब्रिटिश पासपोर्टवाला ज्या देशांत सरळ आत जातो, तिथल्या कित्येक ठिकाणी आपल्याला आधी अर्ज, बोटांचे ठसे आणि वाट बघणं. घड्याळ तर थांबत नाही. वर सुरुवात-शेवट एकाच जागी हवा, म्हणून कोलकात्याहून पर्थला जाऊन आणखी १५ किमी चालवायचे राहिले होते. हे १५९ आणि ते १०८ यांची वजाबाकी करून काय कळणार?

ग्रुपवर त्यानंतर एकाने एवढंच विचारलं : या रविवारी एरंडोल की भुसावळ? मी लिहिलं, वारा पश्चिमेचा आहे, आधी एरंडोल. पाय ताजे असताना समोरचा वारा खाऊन घ्यायचा आणि आल्यावर किती मिनिटं कुठे गेली ते मोजायचं.