कॅम्पर ट्रेलरच्या स्प्रिंगांची निवड

मोटारीमागे जोडून न्यायच्या, घडीचा तंबू, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी आणि झोपायची सोय असलेल्या लहान ट्रेलरला त्याच्या प्रत्यक्ष भाराला व वाटेतल्या रस्त्यांना साजेशा स्प्रिंगा ठरवणे. कॅम्पर ट्रेलर सर्वांत जास्त रुजला तो ऑस्ट्रेलियात. पश्चिम ऑस्ट्रेलियातला सुमारे ६६० किमी. लांबीचा गिब रिव्हर रोड, मारी ते बर्ड्सव्हिल हा ५१७ किमी.चा बर्ड्सव्हिल ट्रॅक, मारी ते मार्ला जाणारा उडनादत्ता ट्रॅक अशा कच्च्या वाटांवर कुटुंबेच्या कुटुंबे आठवडेच्या आठवडे ट्रेलर घेऊन फिरतात. मदत शेकडो किलोमीटर दूर असते. अशा ठिकाणी स्प्रिंगचा पाटा (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांपैकी एक) तुटला तर प्रवास तिथेच थांबतो. त्यामुळे स्प्रिंगांचा विषय तेथे हौशी प्रवाशालाही नीट कळावा लागतो.

या निवडीत एक समजूत फार नुकसान करते : स्प्रिंग जितकी जड, तितका ट्रेलर सुरक्षित. भार पेलला पाहिजे हे खरेच, पण स्प्रिंगचे काम तेवढ्यावर संपत नाही. चाक वर उचलले गेले तरी चासिस (ट्रेलरचा लोखंडी सांगाडा) जागच्या जागी राहावी, यासाठी स्प्रिंगने दबायला हवे. जी दबतच नाही ती स्प्रिंग नव्हे, नुसता लोखंडी ठोकळा. खड्ड्याचा सगळा दणका मग चासिसच्या वेल्डिंगला, पाण्याच्या टाकीच्या पट्ट्यांना, फ्रिजला आणि सोलर पॅनेलच्या नटबोल्टांना सोसावा लागतो. चासिसला तडे गेलेल्या ट्रेलरखाली पुष्कळदा गरजेपेक्षा कडक पाटे सापडतात.

आधी वजन

निवडीची सुरुवात कॅटलॉगपासून करू नये, वजनकाट्यापासून करावी. ऑस्ट्रेलियात ट्रेलरच्या प्लेटवर ‘एटीएम’ (ॲग्रिगेट ट्रेलर मास) हा आकडा असतो. मोटारीपासून सुटा उभा असताना पूर्ण भरलेल्या ट्रेलरचे जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते तो सांगतो. ट्रेलर मोटारीला जोडला की त्यातले काही वजन हुकावर जाते आणि उरलेले चाकांवर येते. चाकांवरच्या या वजनाच्या मर्यादेला ‘जीटीएम’ (ग्रॉस ट्रेलर मास) म्हणतात. ब्रेकचे नियमही याच आकड्यावर ठरतात. जीटीएम ७५० किग्रॅ.पर्यंत असेल तर ब्रेक सक्तीचे नाहीत, त्यापुढे २,००० किग्रॅ.पर्यंत निदान एका ॲक्सलला ब्रेक हवेत, आणि त्याहून जास्त असल्यास सर्व चाकांना ब्रेक हवेत, शिवाय ट्रेलर सुटल्यास ते आपोआप लागण्याची सोयही हवी.

काट्यावर नेताना ट्रेलर सहलीला निघावा तसाच भरलेला असावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे ८० लिटरच्या टाकीत ८० किलो. १०० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी ३० किलोंच्या आसपास भरते. त्यात गॅसचे सिलिंडर, जास्तीचे टायर, भरलेला फ्रिज, छतावरचा तंबू. कागदावर ‘रिकामा १,००० किलो’ असलेला ट्रेलर प्रत्यक्षात दीड हजारांवर कसा जातो, ते इथे कळते. आधी सुटा ट्रेलर तोलावा, मग जोडलेल्या अवस्थेत फक्त त्याची चाके काट्यावर ठेवून तोलावा. दोन्हींतला फरक हा हुकावरचा भार. तो एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावा असा तेथला प्रघात आहे. जमल्यास डावे-उजवे चाक वेगवेगळे तोलावे. ओटा, फ्रिज आणि गॅस एकाच बाजूला आले की दोन चाकांच्या भारात चांगलाच फरक पडतो. अशा वेळी एका बाजूला जड पाटा घालण्यापेक्षा बॅटरी किंवा टाकी दुसरीकडे हलवणे केव्हाही चांगले.

चाकांवरचे सगळे वजन स्प्रिंगवर येत नाही. ॲक्सल, हब, ब्रेक, रिम आणि टायर हे स्प्रिंगच्या खालचे वजन. एका ॲक्सलच्या ट्रेलरला ते दीडशे ते दोनशे किलो सहज असते. भरलेला ट्रेलर १,६०० किलोंचा, हुकावर १५० किलो आणि स्प्रिंगखाली १७० किलो धरले, तर दोन स्प्रिंगांवर १,२८० किलो येतात. म्हणजे प्रत्येकीवर ६४०. रिकाम्या १,००० किलोंच्या अवस्थेत, हुकावर १०० किलो धरून, हाच भार ३६५ किलो भरतो. स्प्रिंगला या दोन्ही आकड्यांवर काम करायचे असते.

पाट्यांचे गणित

ट्रकवाल्यांच्या ओळखीचे पाटेच बहुतेक कॅम्पर ट्रेलरला असतात, फक्त आकाराने लहान. पाट्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा, म्हणजे ती एक मिमी. दबायला लागणारा जोर, चार गोष्टींवर ठरतो : पाट्यांची संख्या, रुंदी, जाडी आणि दोन टोकांमधली लांबी. संख्या व रुंदी सरळ प्रमाणात चालतात. पाच पाट्यांना सहावा तसाच पाटा जोडला तर कडकपणा साधारण २० टक्के वाढतो. जाडी मात्र घनाच्या प्रमाणात चालते. ६ मिमी.ऐवजी ८ मिमी.चे पाटे घातले की स्प्रिंग जवळजवळ २.४ पट कडक होते. लांबीचा परिणामही घनाचा, पण उलटा : लांबी १० टक्के वाढली की कडकपणा २५ टक्के उतरतो. दुकानात ‘दोनच मिमी. जाड आहे’ असे ऐकले की हे गणित आठवावे.

वरच्याच ट्रेलरला ९०० मिमी. लांबीचे, ६० मिमी. रुंद आणि ८ मिमी. जाड असे पाच पाटे घेतले, तर प्रत्येक स्प्रिंगचा कडकपणा हिशेबाने मिमी.ला सुमारे ११५ न्यूटन येतो. भरलेल्या ट्रेलरखाली ती ५५ मिमी. दबते, रिकाम्याखाली ३१ मिमी. भरलेला ट्रेलर सेकंदाला दोनाहून थोडे जास्त हेलकावे घेतो, रिकामा पावणेतीनच्या पुढे जातो. ट्रेलरच्या मानाने ही चाल चांगली आहे. त्याच मापात १० मिमी.चे पाटे घातले तर भरलेला ट्रेलर जेमतेम २८ मिमी. दबतो आणि सेकंदाला तीन हेलकावे घेतो. रिकामा तर चारच्या घरात जातो. माल उतरवून रिकामा परतणारा असा ट्रेलर रस्त्यावर अक्षरशः उडत असतो.

क्षमता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेता क्षमता सांगतो, कडकपणा क्वचितच सांगतो. वरच्या पाच पाट्यांऐवजी ७०० मिमी. लांबीचे, त्याच रुंदी-जाडीचे चार पाटे घेतले, तर पोलादावरचा ताण जवळपास तेवढाच राहतो, म्हणजे दोन्ही स्प्रिंगांवर छापलेली क्षमता सारखीच असू शकते. पण आखूड स्प्रिंग १.७ पट कडक असते. म्हणून दोन स्प्रिंगांची क्षमता सारखी असेल आणि चासिसखाली जागा असेल, तर लांब स्प्रिंगच घ्यावी. एक प्रश्न मात्र हमखास विचारावा : लिहिलेली क्षमता एका स्प्रिंगची की जोडीची? या घोटाळ्यापायी निम्म्या ताकदीचे किंवा दुप्पट जड पाटे घरी येतात.

खड्ड्यात चाकावरचा भार क्षणभर दुप्पट झाला, तर ५५ मिमी. दबलेली स्प्रिंग आणखी ५५ मिमी. दबते. भरलेल्या ट्रेलरच्या ॲक्सल आणि चासिसमध्ये तेवढी मोकळी जागा हवी, शिवाय वर रबरी बफर हवा. जागा नसेल तर मऊ स्प्रिंगचा उपयोग नाही, कारण ती प्रत्येक खड्ड्यात चासिसला टेकणार. जागा वाढवायची तर पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवता येतात. त्याने ट्रेलर उंच होतो, पण गुरुत्वमध्यही वर जातो, आणि हुकाची उंचीही जुळवून घ्यावी लागते. जोडलेला ट्रेलर जमिनीला समांतर उभा राहिला पाहिजे.

पन्हाळी रस्ता

ऑस्ट्रेलियातल्या कच्च्या वाटांची खरी परीक्षा खड्ड्यांची नसते. सतत वाहतुकीने या रस्त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात. दोन वळ्यांतले अंतर साधारण अर्धा ते एक मीटर असते, आणि त्या तासन्‌तास संपत नाहीत. ८० सेंमी.च्या वळ्यांवरून ताशी ३० किमी.ने जाताना चाकाला सेकंदाला सुमारे दहा ठोके बसतात. स्प्रिंग आणि टायर यांच्यामध्ये अडकलेल्या ॲक्सल-चाकाचे स्वतःचे थरथरणेही साधारण सेकंदाला दहा ते पंधरा वेळा असते. दोन्ही ताल जुळले की ट्रेलर खिळखिळा होऊ लागतो. ताशी ८० किमी.ला हेच ठोके अठ्ठावीसच्या आसपास जातात, चाके वळ्यांच्या माथ्यावरून निसटत जातात आणि प्रवास नरम वाटतो. तेथले चालक वेग वाढवतात तो यासाठी. पण चाक निम्मा वेळ हवेत असते, तेव्हा ब्रेक आणि वळण दोन्हींची पकड कमी होते, ही किंमत त्यात आहेच.

पाट्यांचा एक गुण आणि एक दोष इथे एकत्र दिसतात. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने हेलकावे विझतात. म्हणूनच साध्या ट्रेलरला शॉक ॲब्सॉर्बर नसला तरी डांबरी रस्त्यावर चालून जाते. पण वळ्यांच्या बारीक, जलद ठोक्यांत ते घर्षण सुटायच्या आत पुढचा ठोका येतो, आणि अख्खी स्प्रिंग जणू एकच जाड पट्टी असल्यासारखी वागते. टोकाकडे निमुळते होत जाणारे थोडेच पाटे असलेल्या पॅराबोलिक स्प्रिंगेत घर्षण कमी असते. ती बारीक ठोके चांगली पचवते, पण तिला चांगला शॉक ॲब्सॉर्बर लागतोच. अशा रस्त्यावर शॉक ॲब्सॉर्बर तापून त्यातले तेल पातळ होते आणि तो ढिला पडतो, तेव्हा अधूनमधून थांबून हात जवळ नेऊन त्याची धग पाहावी. टायरमधली हवा कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि स्प्रिंग बदलण्याआधी करून पाहण्यासारखा.

टोकांची जोडणी

पाटा दबला की सपाट होतो, आणि सपाट झाला की लांब होतो. म्हणून त्याचे एक टोक मोकळे ठेवावेच लागते. स्वस्त ट्रेलरमध्ये पुढच्या टोकाला बोल्ट आणि मागचे टोक एका खोबणीत नुसते सरकते, अशी स्लिपर रचना असते. ती साधी, दुरुस्तीला सोपी. वापरलेल्या ट्रेलरच्या खोबणीत डोकावले की पाट्याने घासून केलेला चकचकीत चर दिसतो. तो खोल गेला असेल तर खोबणीचे लोखंड पातळ झाले आहे असे समजावे. स्लिपरचा मोठा धोका पुढच्या टोकाशी आहे. मुख्य पाटा डोळ्यापाशी (बोल्ट जाण्यासाठी टोकाला वळवलेल्या कड्यापाशी) तुटला तर ॲक्सल पुढून धरून ठेवणारे काहीच उरत नाही. म्हणून दुसऱ्या पाट्याचे टोकही मुख्य पाट्याच्या डोळ्याभोवती वळवलेली स्प्रिंगच घ्यावी. लांबच्या कच्च्या प्रवासासाठी ही गोष्ट ऐच्छिक मानू नये.

दोन्ही टोकांना डोळे आणि मागे शॅकल (डोळा चासिसला जोडणारी झुलती कडी) ही रचना शांत चालते आणि कमी झिजते. भरलेल्या ट्रेलरखाली शॅकल मागे कललेला दिसला पाहिजे. तो उलटा पुढे कलला असेल किंवा आडवा पडला असेल, तर स्प्रिंगची लांबी किंवा हँगरची (स्प्रिंगचे टोक धरणाऱ्या चासिसवरच्या कंसाची) जागा चुकली आहे. दोन ॲक्सलच्या ट्रेलरला मधोमध रॉकर (झुलता दांडा) असतो आणि तो दोन्ही चाकांत भार वाटतो.

कॉइल स्प्रिंग

महागड्या कॅम्पर ट्रेलरला दोन्ही चाके स्वतंत्र असतात. चाक एका मागे जाणाऱ्या दांड्यावर आणि त्या दांड्यावर कॉइल स्प्रिंग. इथे तारेची जाडी चौथ्या घाताने बोलते : १४ मिमी.ऐवजी १६ मिमी.ची तार घेतली की स्प्रिंग १.७ पट कडक. स्प्रिंग दांड्यावर कुठे बसते तेही बघावे लागते. ती बिजागरीपासून चाकाच्या अंतराच्या ०.६ इतक्यावर असेल, तर चाकावरच्या ६४० किलोंसाठी स्प्रिंगला जवळजवळ १,०७० किलो पेलावे लागतात, आणि चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या कडकपणाच्या फक्त ०.३६ पट असतो. दुसऱ्या ट्रेलरची स्प्रिंग ‘त्याला छान चालली’ म्हणून आपल्याला बसवणे म्हणूनच अंधारात दगड मारण्यासारखे आहे. कॉइलमध्ये घर्षण नाही, त्यामुळे शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला की ट्रेलर उड्या मारत राहतो. आरामाच्या दृष्टीने कॉइल वरचढ, यात शंका नाही. पण आडरानात पाट्यांचा जोड मिळण्याची शक्यता जास्त आणि दुरुस्ती सोपी, म्हणून साध्या ट्रेलरसाठी लांब, पातळ पाट्यांची स्प्रिंगच अजून शहाणपणाची निवड ठरते.

बसवणी आणि तपासणी

स्प्रिंगा नेहमी जोडीने बदलतात. यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-आकाराचे बोल्ट) नवे घालावेत आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. यू-बोल्ट ढिला राहिला की सगळा भार सेंटर बोल्टवर (पाट्यांच्या मधल्या भोकातून जाणाऱ्या बोल्टवर) येतो, तो कापला जातो, आणि ॲक्सल एका बाजूला सरकून ट्रेलर तिरका ओढला जातो. पाट्यांचा तडा बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी किंवा यू-बोल्टच्या कडेला सुरू होतो. तेथे पाट्यांच्या फटीतून तांबूस भुकटी निघत असेल तर पाटे एकमेकांवर हलत आहेत. समुद्रकाठच्या वाळूतून परतल्यावर गोड्या पाण्याने धुणे गरजेचे, कारण गंजाचा खड्डा हीच पुढच्या तड्याची सुरुवात असते.

जड स्प्रिंगा घातल्या म्हणून प्लेटवरचा एटीएम वाढत नाही. ॲक्सल, टायर, ब्रेक, हुक आणि चासिस यांत जे सर्वांत कमजोर, तीच ट्रेलरची मर्यादा. लांबच्या वाटेवर निघणारे लोक एक मुख्य पाटा, सेंटर बोल्ट, बुश (डोळ्यात बसणारी नळी) आणि यू-बोल्टांचा संच सोबत घेतात. तुटलेला पाटा वेल्ड करून पुढे जाण्याचा मोह टाळावा. स्प्रिंगच्या पोलादाला दिलेले पाणी वेल्डच्या उष्णतेने उतरते आणि पाटा त्याच सांध्याशेजारी पुन्हा तुटतो. त्यापेक्षा ॲक्सल आणि चासिसमध्ये लाकडी ठोकळा घालून, ॲक्सल मागेपुढे सरकणार नाही असा साखळीने बांधून, पायी चालायच्या वेगाने जवळच्या गॅरेजपर्यंत जावे.