तुमच्या घरी आलेला नाइटिया

खोक्यातून नाइटिया या प्राचीन माशाच्या जीवाश्माची पाटी काढताना दोन्ही हात लावा. चुनखडकाची ही फरशी टणक दिसते, पण एका कोपऱ्याला धरून उचलली तर तडकते.

तिच्यावर दिसतात ते नाइटिया माशाचे प्रत्यक्ष काटे आणि खवले. अमेरिकेत वायोमिंगमधल्या केमरर गावाजवळ आज कोरडे माळ आहेत. तिथे सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी मोठे तळे होते. (आपल्या सह्याद्रीचा काळा दगड याहूनही जुना, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांचा.) तळ्याच्या तळाशी प्राणवायू कमी, त्यामुळे मेलेला मासा कुरतडायला तिथे फारसे कोणी नसे. वरून चुन्याचा बारीक गाळ बसत गेला आणि काटा न् काटा जागच्या जागी राहिला.

भिंगातून पोटाची कड पाहा. करवतीच्या दात्यांसारखी ओळ दिसते का? तारली साफ करताना पोटाकडून बोटाला टोचतात, तसेच हे टोकदार खवले. नाइटिया तारलीच्याच गणातला, पण गोड्या पाण्यातला. थव्याने राहायचा आणि मोठ्या माशांच्या तोंडी पडायचा. डिप्लोमिस्टस माशाच्या घशात अडकलेला नाइटियाही दगडात सापडला आहे.

‘इतका जुना, मग इतका स्वस्त कसा?’ असे बरेच जण विचारतात. कारण हा तिथे मुबलक मिळतो. १९८७पासून तो वायोमिंगचा राज्य-जीवाश्म आहे. जवळच्या फॉसिल ब्यूट राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीतून मात्र एक खडाही उचलता येत नाही. विक्रीचे मासे बाहेरच्या खाणींतून येतात.

बाजारात रंगवलेले मासेही फिरतात. तुटका पर किंवा शेपटी रंगाने पुरी केलेली असते. खऱ्या परातला प्रत्येक काटा भिंगाखाली सुटा आणि किंचित उठावाचा दिसतो. रंग सपाट असतो, कुंचल्याचे फटकारे कळतात. आमच्या पाटीवर डागडुजी असेल, तर ती कुठे आहे हे मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले असते. जरूर वाचा.

पाणी, साबण, तेल, वॉर्निश काहीही लावू नका. लिंबू किंवा व्हिनेगर तर अजिबात नको, चुनखडक फसफसून झिजतो. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका.

सोबतची चिठ्ठी जपा. मासा कोणत्या खडकातला, कुठला, हे तिच्यावरच आहे आणि त्याशिवाय जीवाश्माची अर्धी ओळख जाते. हरवलीच, तर पाटीमागचा क्रमांक कळवा. आम्ही नवी लिहून देऊ.